दुभंगलेली टाळू आणि वऱ्हाडी बोली : मुलांच्या वाचामूल्यमापनाची एक चिकित्सा
(वाशिम जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

गोषवारा

जन्मतः टाळू दुभंगलेल्या मुलाची शस्त्रक्रिया झाली तरी त्याचे बोलणे स्पष्ट होईलच असे नाही. बोलण्यात उरलेला दोष टाळूच्या रचनेमुळे आहे, लागलेल्या चुकीच्या सवयीमुळे आहे की तो दोष नसून घरच्या बोलीचा सहज उच्चार आहे, हे ठरविणे म्हणजे वाचामूल्यमापन होय. या मूल्यमापनाच्या प्रचलित पद्धती प्रमाण भाषेचा कान गृहीत धरतात. वाशिम जिल्ह्यातील वऱ्हाडी, गोरमाटी आणि उर्दू बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे गृहीतक कोठे अपुरे पडते आणि त्याची किंमत मुलाला कशी मोजावी लागते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजसंज्ञा : दुभंगलेली टाळू, अनुनाद, अतिअनुनासिकता, वऱ्हाडी बोली, वाचामूल्यमापन.

१. प्रस्तावना

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा हे त्याचे सहा तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. २०१८ साली नीती आयोगाने देशातील आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांसोबत वाशिमचाही तीत समावेश झाला. आरोग्य आणि शिक्षण हे त्या यादीचे दोन प्रमुख निकष होते. प्रस्तुत विषय नेमका या दोहोंच्या सीमेवर उभा आहे.

ओठ किंवा टाळू दुभंगलेली असणे हा जन्मजात व्यंगांपैकी वारंवार आढळणारा प्रकार आहे. साधारणतः ७०० ते १००० जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण मानले जाते. वाशिमची लोकसंख्या आणि हजारी १५ च्या आसपासचा जन्मदर लक्षात घेता, जिल्ह्यात दरवर्षी अशी सुमारे वीस ते पंचवीस बालके जन्मत असावीत, असे ढोबळ अनुमान निघते. संख्या लहान वाटते; परंतु शाळेत जाणाऱ्या वयोगटाचा एकत्रित विचार केला तर ती दोन-अडीचशेच्या घरात जाते. यांतील काहींचा केवळ ओठ दुभंगलेला असतो. त्यांच्या बोलण्यावर फारसा परिणाम होत नाही. ज्यांची टाळू दुभंगलेली असते, त्यांचा प्रश्न मात्र शस्त्रक्रियेच्या दिवशी संपत नाही; खऱ्या अर्थाने तो त्यानंतर सुरू होतो.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत या व्यंगाचा अंतर्भाव आहे. त्यामुळे व्यंग ओळखले जाण्याची आणि शस्त्रक्रियेची वाट पूर्वीपेक्षा सुकर झाली. परंतु ओठाची शस्त्रक्रिया डोळ्यांना दिसते, तर टाळूच्या शस्त्रक्रियेचे यश कानांना कळते, आणि तेही काही वर्षांनी. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर परिसरातील पिंकी या मुलीवरील 'स्माइल पिंकी' (२००८) या लघुमाहितीपटाला २००९ साली ऑस्कर मिळाले आणि हा विषय घराघरांत पोहोचला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि त्याच्या शीर्षकातच हास्य आहे, वाणी नाही. आपल्या सार्वजनिक कल्पनेत हे व्यंग चेहऱ्याचे राहिले, भाषेचे झाले नाही. भाषेच्या अभ्यासकांनी या प्रश्नाकडे पाहण्याची गरज येथूनच निर्माण होते.

२. शब्दांची अडचण : 'टाळू' आणि 'गेंगाणा'

मूल्यमापनाची पहिली अडचण यंत्रांची नसून शब्दांची आहे. मराठीत 'टाळू' या शब्दाचे दोन अर्थ प्रचलित आहेत. एक तोंडाच्या छताचा, दुसरा तान्ह्या बाळाच्या डोक्यावरील मऊ भागाचा. ग्रामीण घरांत दुसरा अर्थ अधिक जिवंत आहे. 'टाळू भरणे' म्हणजे त्या भागावर तेल घालणे, हे प्रत्येक आजीला ठाऊक असते. 'बाळाची टाळू दुभंगलेली आहे' असे डॉक्टरांनी सांगितल्यावर मातेचा हात बाळाच्या डोक्याकडे गेला, तर दोष तिच्या अज्ञानाचा नव्हे, संज्ञेच्या द्व्यर्थतेचा आहे. 'तोंडातली टाळू' किंवा 'पडजिभेपुढचे छत' असे स्पष्ट सांगणे हा मूल्यमापनाचाच भाग मानला पाहिजे. ग्रहणकाळात गरोदर स्त्रीने चिरणे-कापणे केल्यामुळे असे मूल जन्मते, ही समजूत आजही कानावर येते. तिच्यामुळे माता स्वतःला दोषी मानते आणि मुलाचा पूर्वेतिहास सांगताना संकोचते. तपासणाऱ्याने प्रश्न विचारताना याचे भान ठेवणे आवश्यक आहे.

दुसरा शब्द 'गेंगाणा'. लोकभाषेत नाकातून येणाऱ्या प्रत्येक अस्पष्ट बोलण्याला हे एकच विशेषण लावले जाते. शास्त्रीय दृष्टीने मात्र त्यात किमान चार वेगळ्या गोष्टी एकवटलेल्या असतात. स्वरांना नाकातील अनुनादाची जोड मिळून आवाज घुमणे ही अतिअनुनासिकता होय. व्यंजने उच्चारताना हवा नाकातून फुसफुसत किंवा घरघरत निसटणे ही नासिक्य वायुगळती होय. नाक चोंदल्यामुळे 'म', 'न' हे ध्वनी नीट न उमटणे ही न्यूनानुनासिकता होय. आणि व्यंजनाची जागाच बदलणे हा उच्चारणदोष होय. या चारही गोष्टींची कारणे भिन्न आहेत आणि उपायही भिन्न आहेत. जो शब्द त्यांना एकत्र बांधतो तो हिणवण्यापुरता पुरतो, निदानाला पुरत नाही.

३. बिघाडाचे स्वरूप : 'बाबा'चा 'मामा'

अनुनासिक ध्वनी मुख आणि नासिका या दोहोंनी उच्चारला जातो, अशी व्याख्या पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायातच केली आहे. त्या व्याख्येतच या विकाराचे मर्म दडलेले आहे. मराठीतील 'म', 'न', 'ण' यांसारखे ध्वनी उच्चारताना मृदू टाळू खाली असते आणि हवा नाकातून जाते. इतर बहुतेक ध्वनींसाठी ती वर उचलली जाऊन घशाच्या मागील भिंतीला टेकते आणि नाकाकडची वाट बंद होते. ही झडप बंद झाली नाही तर तोंडात दाब साठत नाही. दाबावर ज्यांचे अस्तित्व अवलंबून आहे ते ध्वनी, म्हणजे क-वर्गापासून प-वर्गापर्यंतची अनुनासिकेतर स्पर्श व्यंजने, 'च'-'ज' आणि 'स'-'श', यांना पहिला फटका बसतो. 'ख', 'घ', 'थ', 'ध', 'भ' या महाप्राण व्यंजनांना तर दाबासोबत श्वासाचा झोतही लागतो. ज्या भाषेत महाप्राण व्यंजनांची अशी पूर्ण रांग आहे, त्या भाषेच्या मुलाला गळकी झडप अधिक महागात पडते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण नातेवाचक शब्दांत सापडते. 'ब'चा दाब नाकातून निसटला की उरतो 'म', आणि 'द'चा निसटला की उरतो 'न'. म्हणून टाळू गळकी असलेल्या मुलाच्या तोंडी 'बाबा'चा 'मामा' होतो आणि 'दादा'चा 'नाना'. उर्दूभाषक घरात 'अब्बा'चे 'अम्मा' होते. 'माय', 'मामा', 'नाना' हे शब्द मात्र सुखरूप राहतात. कारण त्यांना झडप उघडीच लागते. याच्या नेमके उलट, नाक पूर्ण चोंदलेल्या मुलाचा 'मामा' 'बाबा'सारखा ऐकू येतो. म्हणजेच या दोन शब्दांची जोडी हीच एक लहानशी कसोटी आहे. कोणता शब्द कोणत्या दिशेने सरकतो यावरून झडप बंद होत नाही की नाकाची वाट खुली नाही, याचा प्राथमिक अंदाज येतो.

परंतु येथेच एक महत्त्वाचा भेद करावा लागतो. 'बाबा'चा 'मामा' हा रचनेचा अटळ परिणाम आहे. मूल जीभ-ओठांची हालचाल बरोबर करते, हवा दगा देते. याउलट काही मुले तोंडात दाब साठत नाही हे अनुभवून, दाब जेथे साठू शकतो अशा खालच्या जागी, म्हणजे कंठद्वारात किंवा घशात, व्यंजन घडवू लागतात. अशा मुलाच्या तोंडी 'काका' हा शब्द मधे अडखळणाऱ्या 'आ-आ'सारखा ऐकू येतो. ही शिकलेली सवय असते. टाळू पुढे कितीही उत्तम शिवली गेली तरी ती सवय आपोआप जात नाही. पहिला दोष शस्त्रक्रियेचा विषय आहे, दुसरा वाचोपचाराचा. या दोहोंची गल्लत ही मूल्यमापनातील सर्वांत महाग चूक होय.

४. प्रचलित पद्धतींची समीक्षा

या क्षेत्रातील पद्धतशीर मूल्यमापनाचा इतिहास फार जुना नाही. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाशी निगडित अशी तपासणीची चौकट सेल, हार्डिंग आणि ग्रनवेल यांनी १९९४ साली मांडली आणि १९९९ साली तिची सुधारित आवृत्ती आली. २००६ साली ब्रिटनमध्येच केंद्राकेंद्रांतील निष्कर्षांची तुलना करता यावी म्हणून दुसरी श्रेणीपद्धती प्रसिद्ध झाली. २००८ साली हेनिंग्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या भाषांत वापरता येतील असे सार्वत्रिक निकष सुचविले. अतिअनुनासिकता, न्यूनानुनासिकता, ऐकू येणारी वायुगळती, व्यंजनांतील चुका आणि आवाजाचा विकार हे पाच निकष, आणि त्यांच्या जोडीला बोलणे कितपत समजते व कितपत स्वीकारार्ह वाटते हे दोन समग्र निकष, अशी त्यांची रचना आहे.

या मांडणीचे गुण स्पष्ट आहेत. 'गेंगाणा' या एका शब्दात कोंबलेले घटक ती वेगळे करते. तपासणीच्या वाक्यात एका वेळी एकच लक्ष्य व्यंजन असावे, हा तिच्यामागील विचार अत्यंत उपयुक्त आहे. कारण चूक कोणत्या ध्वनीची हे त्याशिवाय कळत नाही. तसेच परकीय वाक्यांचे भाषांतर न करता प्रत्येक भाषेने आपली वाक्ये आपणच घडवावीत, ही दिशाही त्यातून मिळते. मर्यादा अशी की तिचा भर भाषाभाषांतील फरकांवर आहे. एकाच भाषेच्या पोटात असलेल्या बोलींचा प्रश्न त्या त्या भाषेच्या अभ्यासकांवर येऊन पडतो, आणि मराठीत तो अद्याप पुरेसा कोणी हाती घेतलेला दिसत नाही.

यंत्राधारित मापनाबाबतही हेच म्हणता येते. नेझोमीटर हे यंत्र नाकातून आणि तोंडातून येणाऱ्या ध्वनिऊर्जेची वेगवेगळी नोंद घेते आणि एकूण ऊर्जेत नाकाचा वाटा किती टक्के, हे सांगते. मराठीपुरते पाहता नांदूरकर यांचा २००२ सालचा अभ्यास उल्लेखनीय ठरतो. दाबयुक्त व्यंजनांनी घडविलेली मराठी अक्षरे टाळू दुभंगलेल्या आणि न दुभंगलेल्या मुलांकडून म्हणवून घेऊन त्यांत ही टक्केवारी मोजली गेली. इंग्रजी उताऱ्यांवरून काढलेले आकडे मराठी मुलांना लावण्याच्या प्रघाताला त्यामुळे एक पर्याय मिळाला, हे त्याचे महत्त्व होय. तथापि सुटे अक्षर आणि बोलता बोलता उमटणारे वाक्य यांत अंतर असते. मूल एकेक अक्षर सावधपणे म्हणताना झडप बंद करते आणि वाक्याच्या ओघात ती सैल पडते, असे पुष्कळदा घडते. शिवाय यंत्र प्रमाण सांगते, कारण सांगत नाही. घशात व्यंजन घडविण्याची सवय टक्केवारीत दिसेलच असे नाही. म्हणून जगभर आजही प्रशिक्षित कानाचा निर्णय पहिला मानला जातो आणि यंत्र त्याचा साक्षीदार ठरते. मग प्रश्न उरतो तो असा की, हा कान कोणत्या भाषेत घडलेला आहे?

५. बोली की दोष?

वऱ्हाडी बोलीची काही ध्वनिवैशिष्ट्ये सर्वपरिचित आहेत. अनेक घरांत 'ळ'च्या जागी 'य' येतो : डोळा-डोया, काळा-काया, कावळा-कावया. 'ण'च्या जागी 'न' येतो : पाणी-पानी, कोण-कोन. शब्दारंभीचा 'व' पुढील 'इ', 'ए' या स्वरांत विरतो किंवा 'य' होतो : विहीर-इहीर, वेळ-येळ. या उच्चारांत दोष नाही; ती पिढ्यान्‌पिढ्यांची नियमबद्ध व्यवस्था आहे.

आता पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीवर आधारलेली चित्रशब्दांची कसोटी घेऊन तपासणी केली तर काय होईल? 'डोळा'चे चित्र पाहून मूल 'डोया' म्हणेल आणि 'ळ'पुढे चूक नोंदली जाईल. 'बाण' पाहून 'बान' म्हणेल आणि 'ण'पुढे चूक नोंदली जाईल. असे चार-सहा शब्द झाले की उच्चारांची टक्केवारी घसरते आणि मूल आहे त्यापेक्षा अधिक बाधित ठरते. येथे एक शास्त्रीय गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 'ळ', 'ल', 'र', 'य', 'व' हे ध्वनी तोंडातील दाबावर फारसे अवलंबून नाहीत. गळक्या टाळूमुळे 'ळ'चा 'य' होण्याचे काही कारणच नाही. त्याचप्रमाणे 'ण' आणि 'न' हे दोन्ही नासिक्य असल्यामुळे त्यांतील बदलाचा झडपेशी संबंध नाही. म्हणजे बोली जेथे प्रमाण भाषेपासून सर्वाधिक दूर जाते ते ध्वनी या विकाराच्या निदानाला जवळजवळ निरुपयोगी आहेत. ते कसोटीतून वगळले तर काही बिघडत नाही. ठेवले तर मुलावर अन्याय मात्र होतो.

दुसऱ्या बाजूची चूकही तितकीच संभवते. वऱ्हाडीची ओळख नसलेला तपासनीस सर्वच वेगळे उच्चार 'इकडची बोलीच तशी' म्हणून सोडून देतो. 'पानी'तला 'न' बोलीचा आहे. परंतु 'दार'चे 'नार' आणि 'डबा'चे 'नमा' बोलीचे नाही. 'वाटी'ला 'वाकी' म्हणणे हे जीभ मागे ओढण्याच्या सवयीचे लक्षण असू शकते. दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' हा मराठीतील कळीचा भेद अशा मुलांत पुसट होतो, आणि जिभेचा मधला भाग टाळूला टेकवून ही मुले 'त', 'ट', 'क' यांच्यामधला एकच ध्वनी वापरताना आढळतात. तांड्यावरून आलेल्या गोरमाटीभाषक मुलाच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे आणि जिल्ह्यात या समाजाची वस्ती मोठी आहे. या मुलाची घरची भाषा गोरमाटी, गल्लीतली वऱ्हाडी आणि पुस्तकातली प्रमाण मराठी. त्याचे बोलणे शिक्षकाला समजले नाही, तर कारण तीन भाषांचे आहे की टाळूचे, हे केवळ मराठी शब्दांवरून ठरविता येत नाही.

कारंजा, मंगरूळपीर यांसारख्या गावांतील उर्दूभाषक मुलांबाबत वेगळीच दक्षता हवी. हिंदी-उर्दूत स्वराची अनुनासिकता अर्थभेद करते; 'गोद' आणि 'गोंद' हे दोन शब्द आहेत. त्यामुळे त्या भाषेतील तपासणी-वाक्यांत स्वभावतः अनुनासिक असलेले स्वर आले, तर निरोगी मुलाचेही बोलणे नाकातले वाटेल. मराठीत आज बोलण्यात अशी अर्थभेदक अनुनासिकता जवळजवळ उरलेली नाही. म्हणून दोन्ही भाषांना एकच मोजपट्टी लावता येणार नाही.

६. लिपीची दिशाभूल

तपासणीची वाक्ये तयार करणारा बहुधा ती कागदावर रचतो, आणि येथे देवनागरी त्याची फसगत करू शकते. अतिअनुनासिकता तपासण्यासाठी ज्यात एकही नासिक्य ध्वनी नाही अशी वाक्ये लागतात. लेखनात अनुस्वार दिसला की शब्द बाद करावा, असा सरळ नियम केला तर 'केलं', 'झालं', 'पुस्तकं' हे शब्द विनाकारण गळतात. कारण तेथील अनुस्वार नासिक्य उच्चार दाखवीत नाही, अन्त्य 'अ'चा लांबट उच्चार दाखवितो. उलट 'आंबा', 'अंडे', 'रंग' यांतील अनुस्वार म्हणजे प्रत्यक्ष 'म्', 'ण्', 'ङ्' आहेत. 'च' आणि 'ज' या अक्षरांचेही तसेच. 'चारा'तला 'च' आणि 'चहा'तला 'च' लिपीत एक, उच्चारात दोन. एक दंतमूलीय, दुसरा तालव्य. हे दोन्ही ध्वनी दुभंगलेल्या टाळूच्या मुलांना कठीण जातात, पण निरनिराळ्या प्रकारे. त्यामुळे कसोटीत दोहोंची स्वतंत्र नोंद हवी. थोडक्यात, कसोटी लेखनावरून नव्हे, उच्चारावरून घडविली पाहिजे. आणि हे काम वाचोपचारतज्ज्ञ व भाषावैज्ञानिक यांनी मिळून करण्याचे आहे.

या तत्त्वांवर वाक्ये रचणे अवघड नाही. 'वारा आला, वेल हलली' या वाक्यात दाबाचे एकही व्यंजन नाही आणि नासिक्य ध्वनीही नाही; हे वाक्य नाकात घुमले तर ती शुद्ध अतिअनुनासिकता होय. 'बाबा, बैल आला' यात केवळ 'ब'ची परीक्षा आहे, 'ताई, हात ओला' यात 'त'ची, 'ओट्यावर वाटी' यात 'ट'ची आणि 'पोरी, पपई पाहा' यात 'प'ची. 'काका, कावळा आला' हे वाक्य मुलाने 'काका, कावया आला' असे म्हटले तरी 'क'च्या परीक्षेत तिळमात्र फरक पडत नाही. कसोटी बोलीला मोकळीक देऊनही काटेकोर राहू शकते, हे यावरून दिसून येईल. स्वरांच्या बाबतीत केवळ 'आ' म्हणवून घेणे पुरेसे नाही. 'ई' आणि 'ऊ' या स्वरांत अतिअनुनासिकता अधिक ठळकपणे उमटते, म्हणून तेही म्हणवून घेतले पाहिजेत.

७. चुकीच्या निदानाची किंमत

हा सर्व ऊहापोह केवळ पारिभाषिक नाही. घशात व्यंजन घडविण्याच्या सवयीला टाळूचा दोष समजले तर मुलाची दुसरी शस्त्रक्रिया सुचविली जाते. अशी शस्त्रक्रिया नाकाची वाट अरुंद करते. आवश्यक नसताना ती झाली तर घोरणे, झोपेत श्वास अडणे आणि न्यूनानुनासिकता पदरी येण्याचा संभव असतो, आणि मूळ सवय तशीच राहते. उलट, झडप खरोखरच अपुरी असताना केवळ व्यायामांवर भिस्त ठेवली तर वर्षे वाया जातात. फुगे फुगविणे, मेणबत्ती फुंकणे, शिट्टी वाजविणे असे उपाय आजही सर्रास सांगितले जातात. फुंकण्याची क्रिया आणि बोलण्याची क्रिया यांत झडपेचे नियंत्रण वेगवेगळे असते. फुंकण्याच्या सरावाने बोलणे सुधारते, याला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी येणाऱ्या पालकाला हाती फुगा देऊन परत पाठविणे हे उपचाराचे केवळ सोंग ठरते.

तिसरी किंमत दृष्टीआड राहिलेल्या मुलांची. काहींच्या टाळूवरचे आवरण अखंड असते, आतले स्नायू मात्र दुभंगलेले असतात. दुभागलेली पडजीभ, टाळूच्या मध्यावर निळसर पारदर्शक पट्टी आणि कठीण टाळूच्या मागच्या काठावरील खाच ही तीन लक्षणे कॅलनन यांनी १९५४ साली नोंदविली. अशा मुलाचा चेहरा सर्वसामान्य असतो. म्हणून ते 'बोबडे', 'मंद' किंवा 'हट्टी' ठरते. याशिवाय टाळू दुभंगलेल्या मुलांच्या मधल्या कानात पाणी साठणे फार सामान्य आहे. कमी ऐकू येणाऱ्या मुलाचे उच्चार तपासण्याआधी त्याचे ऐकणे तपासले नाही, तर सारे निष्कर्ष डळमळीत ठरतात.

कायद्याच्या चौकटीतही ही मुले काहीशी काठावरच आहेत. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश झाला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु त्याच्या व्याख्येत उदाहरणादाखल घेतलेल्या दोन अवस्था, स्वरयंत्र काढून टाकणे आणि वाचाघात, या मुख्यतः प्रौढांच्या आहेत. व्याख्येची शब्दयोजना इतर अवस्थांना दार बंद करीत नाही हे खरे. तरी जन्मजात व्यंग असलेल्या मुलाला त्या दारातून आत जाण्यासाठी काटेकोर, भाषानुरूप आणि लेखी मूल्यमापनाचाच आधार लागतो.

८. वाशिमसाठी किमान चौकट

वाशिमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर, नागपूर त्याहून कितीतरी दूर. नाकातून दुर्बीण घालून झडप पाहणे किंवा बोलताना क्ष-किरण चित्रण करणे यांसाठी मोठ्या केंद्राकडे जावेच लागेल. परंतु तेथे कोणाला, कधी आणि कोणता प्रश्न घेऊन पाठवायचे, हे जिल्ह्यातच ठरू शकते. त्यासाठी पुढील किमान गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, आशा स्वयंसेविका आणि अंगणवाडी सेविका यांच्यासाठी दोनच प्रश्न : मूल 'बाबा', 'दादा', 'काका' स्पष्ट म्हणते का, आणि दूध किंवा पाणी नाकातून येते का? तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाबाबत यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल आले, तर पुढील तपासणी व्हावी.

दुसरी, जिल्हा पातळीवरील साधी तपासणी. नाकाखाली थंड आरसा धरून तो कोणत्या ध्वनीला धूसर होतो हे पाहणे, आणि तेच वाक्य एकदा नाक मोकळे ठेवून व एकदा चिमटीत धरून म्हणवून घेणे. नासिक्य ध्वनी नसलेले वाक्य नाक धरल्यावर बदलले तर हवा नाकातून जात होती, हे उघड होते. नाक धरूनही 'काका' घशातच राहिला तर सवयीचा संशय बळावतो. या दोन्ही चाचण्यांना खर्च जवळजवळ नाही. गरज आहे ती योग्य वाक्यांची.

तिसरी, घरच्या भाषेचा नमुना. मुलासोबत माता, आजी किंवा मोठे भावंड यांनाही तेच शब्द म्हणावयास सांगावे. घरच्यांच्या उच्चाराशी जुळते ते बोलीचे, जुळत नाही ते तपासण्याजोगे, हा साधा दंडक वऱ्हाडी, गोरमाटी आणि उर्दू या तिन्ही घरांना लागू पडतो.

चौथी, ध्वनिमुद्रण. मुद्रित नमुना परस्परांपासून स्वतंत्रपणे किमान दोघांनी ऐकावा. त्यांपैकी एकाचा कान वऱ्हाडीत घडलेला असावा. हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या बाबतीत तर हे मुद्रणच एका वर्षाला दुसऱ्याशी जोडणारा दुवा ठरेल.

पाचवी, महाविद्यालयांचा वाटा. वऱ्हाडी बोलणाऱ्या निरोगी मुलांचे उच्चार वयानुसार कसे घडतात याची नोंद असल्याखेरीज सदोष उच्चारांची तुलना कशाशी करावयाची? मराठी, शिक्षणशास्त्र आणि गृहविज्ञान या विभागांतील विद्यार्थ्यांनी मिळून करण्याजोगा हा प्रकल्प आहे.

९. समारोप

दुभंगलेल्या टाळूचे मूल्यमापन हे वैद्यकशास्त्राचे काम आहे, असे मानून भाषेच्या अभ्यासकांनी त्यापासून अंतर राखले. आणि बोली हा साहित्याचा विषय आहे, असे मानून वैद्यकाने तिच्याकडे दुर्लक्ष केले. या दोन अंतरांच्या मधे मूल उभे आहे. सार्वत्रिक निकष आवश्यक आहेत, कारण हवेची गळती सर्व मानवांत सारखीच होते. परंतु ती गळती कोणत्या शब्दांतून ऐकू येते, हे स्थानिक आहे. 'डोया' म्हणणाऱ्या मुलाला दुरुस्त करण्याची घाई आणि 'बाबा'ला 'मामा' म्हणणाऱ्या मुलाकडे होणारे दुर्लक्ष या एकाच अज्ञानाच्या दोन बाजू होत. वऱ्हाडीचा कान असलेली कसोटी तयार करणे म्हणजे बोलीचा गौरव करणे एवढेच नव्हे. कोणत्या मुलाला शस्त्रक्रियेची, कोणाला वाचोपचाराची गरज आहे आणि कोणाला केवळ समजूतदार शिक्षकाची, हे न्याय्यपणे ठरविण्याची ती पूर्वअट आहे.